चला, सुभद्राबाई

फादर वर्की कपड्यांशी बोलायचे. मी त्यांच्या हाताखाली सहायक धर्मगुरू म्हणून आलो, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारची गोष्ट. मिस्साला थोडा अवकाश होता, आणि वेदीमागच्या कपड्यांच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "चला सुभद्राबाई, लोकं बसून राह्यले." आत कोणी बाई असेल म्हणून मी दारातच अदबीनं थांबलो. कोणीच बाहेर येईना तेव्हा डोकावलो. फादर एकटेच होते. दोन्ही हात वर करून डोक्यातून अबोली रंगाचा झगा घालत होते, आणि झगा खांद्यावर बसल्यावर त्याच्या जरीच्या काठावरून त्यांनी एकदा हात फिरवला, लग्नाला निघालेल्या म्हातारीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुभद्राबाईले ओळखत नाही तू. ओळख होईन."

ओळख झाली. नको इतकी झाली. पुढची कितीतरी वर्षं मी त्या सुभद्राबाईच्या आणि तिच्या मागोमाग आलेल्या बायांच्या मागे धावत होतो, आणि खरं सांगायचं तर चिडत होतो. फादर वर्कींविषयी लिहा असं लोक मला सांगतात तेव्हा त्यांना वाटतं मी एखाद्या संताविषयी लिहीन. मी फार बोलणारा माणूस नाही. लोकांच्या पापांची कबुली ऐकणाऱ्याला गप्प बसायची सवय लागते, आणि पुढे ती सवय स्वतःच्या बाबतीतही सोयीची वाटते. पण लिहायचंच तर खरं लिहितो. या माणसानं मला छळलं.

ज्यांनी आमची मिस्सा पाहिली नाही त्यांना आधी सांगायला हवं. आमची उपासना म्हणजे मिस्सा. तिला उभं राहण्यापूर्वी धर्मगुरू आपल्या कपड्यांवर पांढरा पायघोळ आल्ब घालतो, कमरेला दोरी बांधतो, गळ्यात स्टोल म्हणजे लांब पट्टा घेतो आणि सगळ्यांवरून बिनबाह्यांचा एक मोठा झगा घालतो. त्या झग्याला रंग असतो, आणि रंगाला नियम. एरवी हिरवा, उपवासकाळात जांभळा, ईस्टर-नाताळला पांढरा, हुतात्म्यांच्या दिवशी लाल. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवतात त्या शाळेत, आम्हाला शिकवलं होतं की झग्याचं कामच माणूस झाकायचं. आत काळा आहे की गोरा, शहाणा की मूर्ख, अकोल्याचा की रोमचा, हे कोणाला दिसू नये. वेदीपुढे उभा राहतो तो अमुक फादर नव्हे. मला हे मनापासून पटलं होतं. का पटलं होतं ते पुढे सांगेन.

फादर वर्कींचे झगे साड्यांचे होते. मेलेल्या बायांच्या साड्यांचे.

त्याची सुरुवात मी तिथे येण्याच्या बरीच आधी झाली होती. हकिगत मला मंगलनं सांगितली. मंगल म्हणजे सुभद्राबाईची मुलगी. अंगणवाडीत मदतनीस होती, आणि चर्चची कपड्यांची खोलीही तीच बघायची. त्यांचं गाव बार्शीटाकळी तालुक्यातलं, नाल्याकाठचं. सुभद्राबाई जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करत राहिली. लेकाचं लग्न ठरलं तेव्हा तिनं अबोली रंगाची जरीकाठी साडी घेतली आणि ट्रंकेत ठेवली, आणि लग्नाच्या आधीच बाई गेली. महिन्यानं तिच्यासाठी मिस्सा म्हणायला फादर मोटारसायकलवर निघाले. वाटेत बार्शीटाकळीला चहा प्याले आणि झग्याची पिशवी हॉटेलच्या खुंटीवरच विसरून गावात पोचले. अंगणात लोक जमलेले. फादरांकडे आल्ब होता, स्टोल होता, वरचा झगा नव्हता.

तेव्हा त्यांनी मंगलला विचारलं की घरात एखादं स्वच्छ, मोठं कापड आहे का. मंगल आत गेली आणि ट्रंकेतली ती साडी घेऊन आली. तिची घडीही मोडलेली नव्हती. फादरांनी ती दोन्ही खांद्यांवरून घेतली, गळ्याशी मंगलनं सेफ्टी पिन लावून दिली, आणि अशी मिस्सा झाली. मंगल मला म्हणाली, "फादरनं हात वर केले ना, तं मले वाटलं मायनंच वर केले." मिस्सा संपल्यावर फादर साडी परत देऊ लागले तर ती घेईना. ते तुमच्या अंगाचं झालं, म्हणाली. मग फादरांनी साडी अकोल्याला मजीदभाई टेलरकडे नेली आणि तिचा झगा शिवून आणला.

एक पिशवी चहाच्या हॉटेलात विसरली नसती तर माझ्या आयुष्यातली किती डोकेदुखी टळली असती, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

फादर वर्की मूळचे केरळचे. तरुणपणी इकडे आले ते परत गेलेच नाहीत. बुटके, काळे, भुवया पांढऱ्या आणि इतक्या दाट की कपाळाशी खाजवायला हात नेला की आधी त्याच विंचरल्या जायच्या. वऱ्हाडी असं बोलायचे की भाजीबाजारातल्या बायाही त्यांना भाव सांगताना जपून असायच्या. फक्त जीभ 'ळ' वर मल्याळी माणसासारखी जरा जास्त वळायची. कोणी जेवायला बोलावलं तर "येतो" म्हणायचे. एकाच दिवशी तीन घरांनी बोलावलं तरी तिघांना "येतो" म्हणायचे, आणि तिन्हीकडे जेवून यायचे. "नाही" हा शब्द त्यांना कोणत्याही भाषेत येत नव्हता. सगळ्या भानगडीचं मूळ तिथे होतं.

कारण सुभद्राबाईनंतर लोक येऊ लागले. कोणाची माय गेली की महिन्यानं साडी घेऊन घरचे हजर. फादर विचारायचे, बाईचं नाव काय, कशी होती, काय म्हणायची. मग मजीदभाई. मग लोखंडी कपाट. आणि पुढल्या कुठल्यातरी रविवारी, डोक्यातून झगा घालताना, "चला कमलाबाई." ज्या प्रार्थना म्हणत आम्ही कपडे चढवतो त्या फादर म्हणत नसत असं नाही. म्हणायचे, पण भराभरा. बाईचं नाव मात्र सावकाश घ्यायचे.

लोकांना त्यांनी एक वाक्य देऊन ठेवलं होतं : "कापड आहे तवर तुही माय मिस्साले येते." मंगलला सांगितलेलं हे वाक्य गावोगाव गेलं. ते पुढे आमच्याच अंगाशी आलं.

आता त्या साड्या कशा होत्या म्हणता? बनारसी नव्हत्या. आमचे लोक निंदणाचे, वीटभट्टीचे, फार तर शिपायाच्या नोकरीचे. बायांनी आवडीनं ठेवलेल्या साड्या म्हणजे नायलॉन, जॉर्जेट, वर चिकटवलेल्या टिकल्या. अकोल्याच्या मे महिन्यात, वीज गेलेली असताना, पांढऱ्या आल्बवर नायलॉनचा झगा घालून हा म्हातारा उभा राहायचा. घामानं झगा पाठीला चिकटायचा. मी म्हटलं, फादर, निदान उन्हाळ्यात सुतीच घालत जाऊ. म्हणाले, "तिले नायलॉन आवडे. मंग आता काय तिले सांगू का, गरम होते म्हनून आज घरीच राय?"

एकदा मिस्साच्या ऐन मध्यावर कमलाबाईची एक टिकली सुटून पवित्र द्राक्षरसाच्या पेल्यात पडली. मी शेजारी उभा होतो. मला घाम फुटला, कारण त्या पेल्याबाबतचे नियम फार कडक असतात. फादरांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टिकलीसकट पिऊन टाकलं. नंतर मी रागानं बोललो तेव्हा म्हणाले, "कमलाबाई जित्तेपनी बी अशीच होती. कुठीबी घुसे."

रंगाचं तर विचारूच नका. उपवासकाळात एका बाईचं वर्षश्राद्ध आलं. तिची साडी पोपटी. साऱ्या जगात जांभळे झगे, आणि अकोल्याच्या बाहेरच्या आमच्या चर्चमध्ये पोपटी. नेमके त्याच दिवशी अमरावतीहून बिशपांचे सचिव आले होते. फादरांनी पोपटी झग्यावर जांभळा स्टोल टाकला आणि हे पण चालते असा चेहरा केला. उत्तरं मला द्यावी लागली. सचिव गेल्यावर मी दार लावून फादरांना म्हटलं की रंग काही आपण ठरवलेले नाहीत, त्यांना अर्थ आहे, लोक काय शिकतील? शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "अर्थ आहे नं. जांभळा म्हनजे दुःख. तिच्या पोरीले इचारून ये, पोपटी पाहून तिले सुख होऊन राह्यलं का."

या माणसाशी भांडता येत नसे. भांडण होण्यासाठी समोरच्याला थोडा तरी राग यावा लागतो.

दोन घराण्यांचं भांडण मात्र लागलंच. दोन बाया एकाच आठवड्यात गेल्या. दोघींच्या घरच्यांना आपलीच साडी सणाच्या दिवशी हवी. कोणालाही नाही म्हणायचं नाही, म्हणून फादरांनी पुढून एक साडी आणि मागून दुसरी असा झगा शिवून घेतला. समाधान आठवडाभर टिकलं. मग मागच्या बाईचे लोक तक्रार घेऊन आले. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे फादर येतात आणि जातात तेवढीच आमची माय दिसते, सारा वेळ त्यांचीच. तक्रार खरी होती. मी फादरांकडे पाहिलं. पुढच्या रविवारपासून ते मिस्सा संपल्यावर दारापर्यंत इतके सावकाश चालू लागले की समारोपाचं गाणं दोनदा म्हणावं लागायचं.

मी शेवटी स्वतःच्या मनानं मुंबईहून एक झगा मागवला. पांढरा सॅटिन, मधे सोनेरी क्रूस, नियमात बसणारा. फादरांना दाखवला. त्यांनी कौतुकानं उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "हिचं नाव काय?"

मी म्हटलं, नाव कशाला असेल, दुकानातला आहे.

"नाव नाही? मंग हिच्यासंगं बोलाचं काय?" असं म्हणून त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात टांगून ठेवला. तो तिथेच राहिला.

आणि मग एक दिवस, कपाट आवरता आवरता, त्यांनी मला सहज विचारलं, "तुह्या मायची कुठी आहे?"

मी म्हटलं, माय जिवंत आहे.

"ते माहीत आहे. मिस्साले काहून येत नाही?"

मी काहीतरी उत्तर दिलं. गुडघे दुखतात, चांदूर रेल्वेहून यायचं म्हणजे लांब पडतं, असलं काही. खरं उत्तर असं की माझी माय गयाबाई ख्रिस्ती नव्हती. आमच्या घरात बापाकडचे ख्रिस्ती आणि मायकडचे बौद्ध. बाप रेल्वेत गँगमन, तो लवकर गेला. मी आत्याचं बोट धरून चर्चमध्ये गेलो. मोठा भाऊ, दादा, मायचं बोट धरून विहारात गेला. घरात यावरून कधी आवाज चढला नाही. माय दोघांना एकाच ताटात वाढायची. अडचण मला होती. सेमिनरीत मी आईविषयी बोलायचं टाळायचो.

धर्मगुरूच्या दीक्षेच्या दिवशी एक विधी असतो. नव्या धर्मगुरूचा पहिला झगा त्याचे आईवडील हातावर घेऊन वेदीपर्यंत आणतात, आणि तो त्याच्या अंगावर चढवला जातो. माझ्या दीक्षेला माय तिची पांढरी सुती साडी नेसून आली होती, निळ्या काठाची. विहारात जाताना नेसायची ती. तिच्या दृष्टीनं तिच्याकडची सगळ्यात मोठ्या दिवसाची साडी. मी झगा आत्याच्या हाती दिला. मायला म्हटलं, तू मागं थांब, पुढं गर्दी आहे. बिशपांनी मनाई केली नव्हती, कोणीच केली नव्हती. मला ती पांढरी साडी फोटोत नको होती. माय मागच्या खांबाशी उभी राहिली आणि तिथून तिनं हात जोडले.

झगा माणूस झाकतो हे मला इतकं का पटलं होतं, ते आता लक्षात आलं असेल.

फादर वर्की मात्र मधूनमधून विचारत राहिले. आग्रह नसायचा. कपाट उघडलं की, "तुह्या मायले आन बाप्पा एकदा. जित्तेपनी येईन तं अजून चांगलं, साडी फाडा लागनार नाही." मी हो म्हणायचो आणि नेत नसे. मग माय गेली.

तिचं सगळं विहाराच्या पद्धतीनं झालं. मी शर्ट-पँट घालून लोकांत उभा होतो. पुढे महिन्यानं फादर म्हणाले, चाल, तुह्या भावाकडे जाऊ. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, आणि आम्ही चांदूर रेल्वेला गेलो. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, मोजकं आणि नीट बोलणारा. त्यानं आम्हाला चहा दिला. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली मायचा फोटो. फादरांनी कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं की गयाबाईची पांढरी साडी द्याल का, झगा शिवतो, दर ईस्टरला घालीन.

मला जमिनीत जावंसं वाटलं. दादानं मायच्या फोटोकडे पाहिलं. मग फादरांशी नव्हे, माझ्याशी बोलला.

"राजू, जित्तेपनी तिले मांगं उभी केली. आता समोर कायले नेतं?"

मी कपाकडे पाहत राहिलो. दादा फादरांना म्हणाला, "तुमच्यावर राग नाही फादर. पन साडी नाही भेटनार."

मी फादर वर्कींना कोणी "नाही" म्हटलेलं तेव्हा प्रथमच ऐकलं. मला वाटलं आता ते काहीतरी मधाळ बोलून साडी काढून घेतील, त्यांना ते जमायचं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, मास्तर." आणि अजून थोडा चहा मागितला. परतीच्या गाडीत मी त्यांच्यावर मनातल्या मनात इतका संतापलो होतो की बडनेरा येईपर्यंत बोललो नाही. मला न विचारता माझ्या घराचं दार उघडायचा यांना काय अधिकार? बडनेऱ्याला ते म्हणाले, "तुहा भाऊ चांगला मानूस आहे. त्याले नाही म्हनता येते." इतकंच. माझ्या मायचा विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

गेल्या उन्हाळ्यात फादर अमरावतीच्या दवाखान्यात वारले. वय झालं होतं, हृदय थकलं होतं. बेशुद्धीत त्यांच्या तोंडून मल्याळम् येईल असं मला वाटलं होतं. वऱ्हाडीच येत होती. देह अकोल्याला आणला, कारण आपल्या चर्चच्या आवारातच पुरा असं त्यांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं.

धर्मगुरूला मातीत देताना झगा घालून देतात, मिस्साला उभा राहतो तसा. कोणता झगा घालायचा ते मला ठरवायचं होतं. मला धास्ती एवढीच होती की सगळी घराणी आपापल्या मायच्या झग्यासाठी भांडतील, आणि प्रेत तसंच पडून राहील. म्हणून मी आधीच ठरवून टाकलं : सुभद्राबाईचा. सगळ्यांत पहिला तोच, त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. कपाट उघडलं, अबोली झगा काढला आणि मंगलला इस्त्री करायला दिला.

तिनं घेतला नाही.

"फादर, माह्या मायले नोको," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ती रडून रडून थकली होती, आवाज बसला होता, पण हात मागे बांधून उभी होती. "फादरनंच सांगतलं होतं, कापड आहे तवर माय मिस्साले येते. त्याइच्यासंगं पुरून टाकली तं कशी येईन? एकडाव तं देल्ली मातीत. आता पुन्हा नाही."

मी कमलाबाईच्या लेकाला बोलावलं. तोही मान खाली घालून नको म्हणाला. पोपटीवाल्यांनी नको म्हटलं. पुढून-मागून वाले दोघं आयुष्यात प्रथमच एका मतानं बोलले. जो म्हातारा ऐन मे महिन्यात त्यांच्या मायांना अंगावर घेऊन उभा राहिला त्याला शेवटी घालायला एक कपडा कोणी देईना, आणि तेही त्याच्याच शब्दाचा आधार घेऊन. मी बोललो त्यांना. कधी आवाज न चढवणारा मी, त्या दिवशी चढवला. तुम्हाला लाज वाटत नाही का, असं म्हणालो. त्यावर मंगल खालच्या आवाजात म्हणाली, "मंग तुमच्या मायची द्या ना, फादर."

तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं सहज म्हटलं होतं. मी कपाटाकडे वळलो, प्लॅस्टिकची पिशवी फाडली, आणि आम्ही फादरांना दुकानातला पांढरा सॅटिनचा झगा घातला. ज्याचं नाव विचारून त्यांनी तो टांगून ठेवला होता तोच. पेटीत ते अगदी नियमात दिसत होते. कोणीही धर्मगुरू दिसावा तसे. मला हवं होतं ते मला मिळालं होतं आणि माझ्यानं बघवत नव्हतं.

मिस्सा सुरू व्हायच्या जरा आधी दादा आला. फादर गेल्याचं मी त्याला फोनवर कळवलं होतं. तो येईल असं वाटलं नव्हतं. गर्दीतून वाट काढत पेटीपाशी आला, काखेत कापडी पिशवी. त्यातून त्यानं मायची पांढरी साडी काढली, निळ्या काठाची, धुऊन घडी केलेली.

"भेटाले यायचे ते," दादा म्हणाला. मला कळलं नाही. "मानूस म्हनून. चांदूरले, माह्या घरी. जेवून जायचे. तुले सांगतलं नसन. इतक्या वेळा आले, पन साडी पुन्हा मांगतली नाही कधी." त्यानं घडी उलगडली. "ज्यानं पुन्हा मांगतली नाही त्याले द्याले काय हरकत आहे."

मी हात पुढे केला. दादानं साडी माझ्या हाती दिली नाही.

"फादरले देऊन राह्यलो," तो म्हणाला. "तुले नाही. समजलं ना?"

मी समजलं म्हणालो. त्यानं स्वतःच्या हातानं ती साडी न फाडता, न शिवता, फादरांच्या खांद्यांपासून पावलांपर्यंत पसरली. सॅटिन झाकलं गेलं, सोनेरी क्रूसही. निळा काठ छातीवर आला. मी दादाच्या मागे उभा होतो. चर्च भरलेलं होतं, बाहेर आवारातही लोक होते, आणि माझी माय वेदीच्या अगदी समोर होती. मग आम्ही पेटीचं झाकण लावलं.

आता झगे मी घालतो. लोकांनी एवढ्यासाठीच ते राखले होते, त्यामुळे मलाही इलाज नाही. रंगांचे नियम मी शक्य तितके पाळतो, पोपटीवाल्यांना उपवासकाळानंतरची तारीख देतो, त्यावरून ते रुसतात. टिकल्या पक्क्या शिवून घेतल्या आहेत. उन्हाळ्यात नायलॉन पाठीला चिकटतं आणि मला फादर वर्कींचा राग येतो, अगदी पूर्वीसारखा. हे सगळं माझ्या गळ्यात टाकून म्हातारा स्वतः सुती साडीत गेला.

पहिल्या रविवारी मी अबोली झगा काढला, प्रार्थना म्हटली, डोक्यातून घातला. मंगल दाराशी उभी होती. ती हलेना.

"बलावा ना तिले," ती म्हणाली. "फादर बलावायचे. बलावल्याबिगर येत नाही ती."

मी म्हटलं, मंगल, मला असलं जमत नाही, लोक थांबलेत. ती तशीच उभी. मग मी त्या जरीच्या काठावर हात ठेवला. इतकी वर्षं दात आवळून ऐकलेलं ते नाव, एवढं एक नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलं.

"चल, माय," मी म्हणालो.

मंगल माझ्याकडे बघत राहिली. मी दुरुस्ती करायला गेलो तोवर ती पुढे आली, माझ्या खांद्यावर वाकडा बसलेला काठ तिनं सरळ केला.

"माह्या मायचं नाव सुभद्राबाई आहे," ती म्हणाली. "पन चालते. तुमचीबी येऊ द्या."